तारीख नसलेली पत्रिका

मित्रांनो, मी एक जुनी लग्नपत्रिका आहे. पुरती पत्रिकाही नाही, तिचा कापलेला चौथा तुकडा. माझ्या एका अंगावर सोनेरी तेलुगू अक्षरांत छापलेलं 'सहकुटुंब अवश्य यावे' एवढंच उरलं आहे आणि दुसऱ्या अंगावर निळ्या पेनाने लिहिलेला एक इंग्रजी शब्द आहे. तो तिथे कसा आला, ते ऐका.

माझा जन्म राजमहेंद्रीतला, वीरराजूंच्या छापखान्यातला. आम्ही तीनशे बहिणी होतो. शाई वाळेपर्यंत आम्ही एकच स्वप्न पाहायचो. कुणाचं तरी बोट आमच्या चारही कोपऱ्यांना हळद लावील, कुणाच्या तरी पिशवीतून आम्ही गोदावरीपलीकडे जाऊ, आणि अनोळखी दारात एखादी बाई ओले हात पुसत आम्हाला घ्यायला येईल. आम्ही अशा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या आणि तिकडे लग्नच मोडलं. आम्हाला न्यायला कुणी आलं नाही. अंगावर देव छापलेला, म्हणून रद्दीतही घालत नव्हते. दोन वर्षं माळ्यावर पडून आम्ही तेच स्वप्न पुन्हापुन्हा पाहत राहिलो.

मग एक दिवस वीरराजूंची मुलगी सौजन्या माळ्यावर चढली. चार वर्षं काकिनाड्याच्या वसतिगृहात राहून ती इंजिनिअर होऊन आली होती. आता तिला एम.एस.साठी अमेरिकेला जायचं होतं आणि त्यासाठी जीआरई ही परीक्षा द्यायची होती. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अडत होतं ते व्हर्बलपाशी. इंग्रजी वाक्यातल्या रिकाम्या जागेत कुठला शब्द बसतो, तेच कळत नसे, कारण शब्दच माहीत नसत. तिने नऊशे शब्द पाठ करायचं ठरवलं. त्यासाठी तिला कोरी पाठ असलेले कागद हवे होते.

"थांब, आधी देव काढून घेऊ दे," तिची आई मंगतायारू म्हणाली. तिने प्रत्येक पत्रिकेवरचा वेंकटेश्वर कापून देवघराच्या फडताळात ठेवला. उरलेल्या भागाचे तीन-तीन तुकडे झाले. कात्री लागली तेव्हा मी फार घाबरले होते, आणि लग्नाची तारीख असलेला तुकडा माझ्यापासून सुटला तेव्हा रडलेही होते.

मंगतायारूला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून सौजन्याने कोऱ्या बाजूला इंग्रजी शब्द लिहिला आणि छापील बाजूच्या समासात त्याचा तेलुगू अर्थ. दुपारची पानं आवरली की मायलेकी मागच्या पडवीत समोरासमोर बसत. आई तुकडा उचलून धरी. मुलीला शब्द दिसे, आईला अर्थ. मध्ये पूतरेकुलूच्या मिठाईचे दोन रिकामे खोके. तीनदा बरोबर आलेला शब्द उजवीकडे, न आलेला डावीकडे. खोक्यांना अजून तुपाचा वास होता, नदीवरून वारा यायचा, आणि मला गुंगी यायची. त्या दुपारी मला लग्नघरासारख्या वाटत.

माझी पाळी आली तेव्हा सौजन्या अडखळली. माझ्यावरचा शब्द होता 'ॲम्बिव्हॅलंट'.

आईने अर्थ वाचला. "एकच गोष्ट हवीही वाटते आणि नकोही वाटते. असं कुणाला वाटतं गं?"

"कुणाला का वाटेना. पेपरात आलं की भरायचं," जांभई देत सौजन्या म्हणाली.

मंगतायारूने मला कुठल्याच खोक्यात टाकलं नाही. मुलगी उठून गेल्यावर तिने मला तांदळाच्या डब्यात ठेवलं. आणि मग, मित्रांनो, मी डब्याच्या फटीतून जे पाहिलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने उजवीकडच्या खोक्यातले दहा-बारा तुकडे काढले आणि हलकेच डावीकडच्या खोक्यात मिसळले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच.

मला तिचा राग आला नाही. चार वर्षं जी मुलगी सणालाच दिसायची, ती रोज दोन तास तिच्या समोर बसत होती. डावीकडचा खोका संपला की ती उठणार होती, आणि उठली की जाणार होती.

पण सौजन्याला ते कुठे ठाऊक? एवढं घोकूनही ढीग कमी होईना. परीक्षेला दहा दिवस उरले तेव्हा घरी दिलेल्या सराव परीक्षेत तिला व्हर्बलमध्ये एकशे बेचाळीस मिळाले. हवे होते किमान एकशे पन्नास. ती जेवणाच्या पानावरून उठली.

"नान्ना, माझ्या डोक्यात काही राहत नाही. मी नाही बसत परीक्षेला. ते अमलापुरमचं स्थळ आलंय ना, त्यांना हो कळवा."

"डोकं ठिकाणावर आहे का?" वीरराजू म्हणाले. "चार महिने काय पत्रिका वाटत होतीस?"

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं होतं. मंगतायारूने चार दुपारी जास्त मागितल्या होत्या. आता मुलगी जन्मभर दीड-दोन तासांच्या वाटेवर राहणार होती. तांदूळ घ्यायला तिने डबा उघडला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डावीकडचा खोका पुढे ओढला. "बस."

"अम्मा, नको. मी सोडलंय."

"मी नाही सोडलं. बस."

तिने एकेक तुकडा वर धरला. सौजन्या आधी रडक्या आवाजात सांगत होती, मग जरा मोठ्याने. दोनशे तीसपैकी दोनशे सहा बरोबर आले. सौजन्या चक्रावून रिकाम्या खोक्याकडे पाहू लागली.

"तुला येत होते," मंगतायारू म्हणाली. "मी परत टाकत होते."

"का?"

"तू समोर बसायचीस म्हणून." मग तिने पदराआडून मला काढलं. "आणि हा एक माझ्याजवळ ठेवला होता."

सौजन्याने मला हातात घेतलं, वाचलं. ती रागाने म्हणाली, "माझं वर्ष गेलं असतं, अम्मा." ती दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दुपारी दोन्ही खोके घेऊन आपणच पडवीत आली. "आता लबाडी नाही करायची."

"नाही करणार. पण माझ्यामुळे पाठ पक्कं झालं की नाही?"

सौजन्याला हसू आवरलं नाही.

विजयवाड्याच्या केंद्रात पडद्यावर व्हर्बलचे एकशे चोपन्न उमटले. पुढचं सगळं भरभर झालं. अमेरिकेला निघायच्या दिवशी सकाळी मंगतायारूने हळद कालवली आणि माझ्या उरलेल्या एका कोपऱ्याला लावली. इतकी वर्षं जे बोट मी स्वप्नात पाहिलं, ते असं निरोपाच्या दिवशी लागेल असं वाटलं नव्हतं. आवकायच्या लोणच्याच्या बरणीशेजारी तिने मला सौजन्याच्या पेटीत ठेवलं, छापील बाजू वर करून.

आता मी एका थंड गावात, शीतकपाटाच्या दारावर चिकटलेली आहे. बाहेर बर्फ असतं. मी पडवीचं स्वप्न पाहते. दोन वर्षं झाली. हळद फिकी पडली आहे. सौजन्या येता-जाता माझ्याकडे पाहते आणि म्हणते, "या सुट्टीत नाही जमणार. पुढच्या."

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी अशी एखादी पत्रिका दिली असेल, तर ती नुसती जपून ठेवू नका. माझ्यावर तारीख नाही, ती दुसऱ्या तुकड्यावर गेली. म्हणून सौजन्याला वाटतं, अजून वेळ आहे. पण मंगतायारूने मला पेटीत ठेवलं तेव्हा मी तिच्या तोंडाशी होते. ती पुटपुटली ते मी ऐकलं आहे. ती म्हणाली होती, "कुठल्याही दुपारी ये."