झेंड्याला झेंडा

एकतीस वर्षं मी मालगाडीचा गार्ड होतो. गाडी न थांबता स्टेशनातून जाते तेव्हा फलाटावरचा माणूस हिरवा झेंडा दाखवतो आणि शेवटच्या डब्यातून गार्डानं आपला दाखवायचा. म्हणजे तुमचं ठीक, आमचं ठीक. झेंड्याला झेंडा मिळाला नाही तर काहीतरी बिघडलंय असं धरायचं आणि गाडी थांबवायची. एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात नीट शिकलो, असं मला वाटायचं.

मुलगा दिग्विजय जर्मनीत, कोलोनला नोकरीला होता. गेल्या एप्रिलात ऑफिसातच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. एक्केचाळीस वर्षांचा. त्या दुपारी नात दीपमाला शाळा सुटल्यावर त्याला फोन लावत राहिली. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं.

मी आणि आमच्या विमलाबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर तिकडे गेलो. सून भाग्यश्री कामावर जायची, जावंच लागतं. पोर आठ वर्षांची, तोंडातून शब्द काढत नव्हती. घर खायला उठायचं. शेवटी एका सकाळी तिचा हात धरला आणि मुख्य स्टेशनावर गेलो. मला दुसरं येतंय काय?

आणि काय स्टेशन हो ते! दर दोन मिनिटांनी गाडी. शेजारी भलंमोठं चर्च, सगळं जग मान वर करून त्याच्याकडे बघतंय आणि आम्ही दोघं त्याच्याकडे पाठ करून फलाटाच्या पार टोकाला. तिथे वही आणि थर्मास घेऊन बसणारे चार-पाच पेन्शनर होते, आमच्यासारखेच रिकामटेकडे. इंजिनांचे नंबर टिपायचे, एवढाच उद्योग. त्यांनी बाकावर सरकून जागा दिली, एका शब्दानं चौकशी केली नाही. पुण्यात आधी आडनाव विचारलं असतं आणि मग जागा नाही म्हणून सांगितलं असतं.

मीही वही घेतली. लाल इंजिनं, लाल पट्ट्याच्या पांढऱ्या आयसीई म्हणजे तिकडच्या सुसाट एक्सप्रेस, पुलावरून सावकाश येणाऱ्या लांबलचक मालगाड्या. नंबर मी मराठी आकड्यांत लिहायचो, पोर बघत बसायची. तिसऱ्या आठवड्यात एका इंजिनाचा शेवटचा आकडा माझा चुकला.

"आजोबा, पाच नाही. सहा," ती म्हणाली.

तीन आठवड्यांतलं पहिलं वाक्य. मी वहीत मान घातली आणि रडलो, तो नंबर अजून फिसकटलेला आहे. त्यानंतर रोज जायचो. पुण्याला परत निघायच्या आधी तिला झेंड्याचा नियम शिकवला, विमलाबाईंनी ब्लाउजपीसचा हिरवा झेंडा शिवून दिला.

त्या स्टेशनासमोर कुणा हौशी माणसानं खिडकीत कॅमेरा लावलाय, तो इंटरनेटवर चोवीस तास दिसतो. फलाटाचं आमचं टोक त्यात बरोबर येतं. मग ठरलं. दर शनिवारी पोहण्याचा क्लास झाला की अकरा वाजता भाग्यश्रीनं तिला तिथे न्यायचं. तिनं कॅमेऱ्याला झेंडा दाखवायचा, मी इथे वारज्यातून तिच्या फोनवर एक रिंग द्यायची. उचलायचं नाही. ती रिंग म्हणजे माझा झेंडा. आपल्याकडे तेव्हा दुपारचे अडीच वाजतात.

खास त्यासाठी बुधवार पेठेतून मोठा स्क्रीन आणला. त्यातही पोर नखाएवढीच दिसायची, पण झेंडा दिसायचा. ऑगस्टपासून ऑक्टोबर संपेपर्यंत एक शनिवार चुकला नाही. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मी त्या दोन मिनिटांवर ढकलत होतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी अडीच वाजले, ती नव्हती. पावणेतीन झाले, सव्वातीन झाले. माझं डोकं फिरलं. स्क्रीन बंद केला, फोन बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो. संध्याकाळी विमलाबाईंच्या फोनवर भाग्यश्रीचा फोन आला. पोरीनं हळूच विचारलं, "आजोबा, तुम्ही ठीक?"

मी म्हणालो, "मी ठीक आहे. वेळ न पाळणाऱ्या गाडीला आम्ही झेंडा दाखवत नसतो."

तिनं फोन ठेवला. विमलाबाई म्हणाल्या, अहो, लेकराशी असं बोलतात का? मी म्हटलं, लागू दे शिस्त. मेली माझी जीभ. कुणाला कुठे काय बोलावं हे तिला कधी कळलंच नाही.

पुढचे दोन शनिवारही अडीचला फलाट रिकामा. विसरली, मुलं विसरतातच, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि मनातून कुढत राहिलो. काय झालं म्हणून साधं विचारलंसुद्धा नाही. मग भाग्यश्रीचाच फोन आला. म्हणाली, "बाबा, दीपमाला आता स्टेशनावर यायला नको म्हणते. तीन शनिवार अकरा वाजता उभी राहिली, तुमची रिंग आली नाही."

"अकरा वाजता? मी अडीचपासून बघत होतो."

तिनं तिथल्या तिथे हिशेब केला. मग म्हणाली, "बाबा, ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं एक तास मागे करतात. आता आमचे अकरा म्हणजे तुमचे साडेतीन."

द्वारकेपासून दिब्रुगडपर्यंत एका घड्याळावर गाड्या चालतात, त्यातला मी माणूस. आम्ही तिकडे राहिलो तो सगळा उन्हाळा. अख्खा देश घड्याळ मागे करतो हे मला कुठून माहीत असणार? पण विचारलं असतं तर कळलं असतं.

भाग्यश्री सांगत होती. पहिल्या शनिवारी पोर पाऊण तास उभी होती, एका हातात झेंडा, एका हातात फोन. दिग्विजयचं झालं तसंच माझं झालं असं धरून रडत होती. "मग तुमच्याशी बोलली," भाग्यश्री म्हणाली. "फोन ठेवल्यावर मला म्हणाली, आजोबा ठीक आहेत. त्यांना मी नकोय."

मी पोरीला फोनवर बोलावलं. घड्याळाचं सगळं समजावलं, चूक माझी म्हणालो, दोनदा म्हणालो. ती "हो आजोबा" म्हणत राहिली, दारात आलेल्या अनोळखी माणसाला म्हणावं तसं. परत येशील का विचारलं तर म्हणाली, क्लास आता रविवारी असतो.

आता मी शनिवारी साडेतीनला स्क्रीन लावतो. टोप्या घातलेले ते पेन्शनर बाकावर असतात, गाड्या येतात, जातात. फलाटाच्या टोकाला कुणी नसतं. झेंडा मिळाला नाही तर गाडी थांबवायची, पण इथून मी काय थांबवणार? मी एक रिंग देतो. तिकडे फोन वाजतो आणि कुणी उचलत नाही. उचलायचं नाही, हा नियम मीच घालून दिला होता.