केशरबाईच्या हाताजोगी मशीन

गिऱ्हाइकाचा मला पहिल्यापासून राग येतो. पोट त्याच्यावर चालतं हे मान्य, पण राग येतो त्याला मी काय करू? अमरावतीच्या इतवाऱ्यात माझं जनरेटर दुरुस्तीचं आणि जुन्या मशिनी विकायचं दुकान. नबी मिस्त्री म्हटलं की कोणीही दाखवेल. येणाऱ्याला मी एकच विचारतो, ‘काय काय चालवायचं आहे?’ आणि तो म्हणतो, ‘सगळंच.’ सगळंच चालवायचं तर माझ्याकडे कशाला येता, कोराडीचं वीजघर उचलून न्या की!

साल दोन हजार सहा. खेड्यात बारा-चौदा तास वीज नसायची, शहरात सहा तास. शेतकऱ्यांनी दुरुस्तीला टाकलेले पंप दुकानात रांगेनं पडून होते. काहींना न्यायला यायची उमेद नव्हती, आणि काहींचे मालक आता येणारच नव्हते. सकाळचा पेपर माझी बायको परवीन आधी स्वतः चाळायची, ओळखीचं नाव नसलं तरच माझ्या हातात द्यायची. जनरेटरचा धंदा मात्र जोरात होता. लाज वाटावी इतका जोरात.

अशा दिवसांत भगवंतराव आले. एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर, अमरावती डेपोत एकतीस वर्षं काढलेली. सोबत त्यांची बायको, केशरबाई. बाई लहानखुरी, दोन पायऱ्या चढून आली तरी दाराला धरून उभी राहिली. तरुणपणी जिनात सरकी-रुईच्या धुळीत काम केलेलं, त्यातून दमा जडला. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं वाफेची मशीन लावावी लागायची. अटॅक आला तर तेव्हाच्या तेव्हा. ती मशीन विजेवर चालते, त्यामुळे बाईनं सहा वर्षांत घराबाहेर रात्र काढली नव्हती.

“एकतीस वर्षं जगाले फिरवलं मी,” भगवंतराव म्हणाले. “आन हिले काय दाखवलं? चांदूर बाजार! तेबी माहेर म्हून.”

म्हणून त्यांनी एक जुनी मॅटेडोर घेतली होती. आत फळ्यांचा पलंग, गॅसची शेगडी, पाण्याचा ड्रम, खिडक्यांना पडदे. जिथे मन होईल तिथे गाडी लावायची आणि राहायचं. फक्त वीज पाहिजे होती.

“काय काय चालवायचं आहे?” मी विचारलं.

“वाफेची मशीन, एक पंखा, एक लाइट. बस.”

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला सरळ उत्तर दिलं. मशीनचे दीडशे वॅट, पंख्याचे साठ, लाइटचे वीस. साडेसहाशे वॅटचा छोटा जनरेटर आरामात चालला असता. तेवढ्यात केशरबाईनं विचारलं, “आन मिक्सर?”

“मिक्सर सुरू होताना दुप्पट ओढते, वयनी. तुमी पाटा घ्या संगं.”

बाई हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. रॉकेलवर चालणारी स्वस्त पडते, पण तिचा धूर मी स्वतः सहन करू शकत नाही, ही काय करणार? मी पेट्रोलचीच काढली. इथवर सगळं ठीक होतं.

मग या माणसानं मला छळलं. पहिली मशीन पाहिली, सुरू करायची दोरी दोन बोटांनी ओढून पाहिली, म्हणाले, “जड आहे.” चार दिवसांनी दुसरी, तीही जड. तिसरीची दोरी हलकी होती, तर बायकोला म्हणाले, “ओढ.” बाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. “मी नाही बावा. तुमी आहा नं.” तीही नापास. चौथ्या मशीनला त्यांनी मान हलवली तेव्हा माझं डोकं सरकलं.

“भगवंतराव, मशीन घेऊन राहिले का पोरीसाठी नवरा पाहून राहिले? एवढी बस दाबली आयुष्यभर, आन ही दोरी जड होते तुमाले?”

केशरबाईला म्हणाले, “जाय, परवीनबाईपाशी बस जराशी.” आमचं घर दुकानामागेच. ती आत गेल्यावर त्यांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं.

“डॉक्टर म्हनते, छातीतल्या दोन नळ्या बंद आहेत. ऑपरेशन झेपनार नाही. वरीस म्हना, दोन वरीस म्हना. मी नसलो, लाइट नसली, आन तिले अटॅक आला तं? दोरी माह्या हातची नाही पायजे नबीभाई. तिच्या हातची पायजे.”

मी पाना खाली ठेवला. “बटनावर सुरू होनारी देतो मंग. बॅटरीवाली.”

“बॅटरी?” ते चिडलेच. “एकतीस वर्षं पॅसेंजरले खाली उतरवून धक्का मारायले लावला मी. बॅटरीचं नाव काढू नका.”

“वयनीले मालूम आहे? छातीचं?”

“नाही. आन तुमी सांगू नका.”

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेलो. तिथल्या एका फोटो स्टुडिओवाल्याकडे हवी तशी एक छोटी मशीन होती. एस.टी.नं परत येताना ती मांडीवर घेऊन बसलो. वीस किलोची होती, बडनेरा येईपर्यंत दोन्ही पाय बधिर. रात्रभर मुंग्या येत होत्या, पण राग आला नाही. दोरीची स्प्रिंग बदलली, प्लग बदलला, आणि परवीनला हाक मारली. म्हटलं, ओढून पाहा. तिनं ओढली, मशीन पहिल्या झटक्यात सुरू झाली. परवीन आधी दचकली, मग माझ्याकडे बघत राहिली.

“तीस साल हो गए,” ती म्हणाली. “हमको कबी नै सिखाया तुमने.”

मी तिला आणखी तीन वेळा ओढायला लावली.

मशीन न्यायला दोघं आले तेव्हा मी भगवंतरावांना सगळं समजावलं, मुद्दाम मोठ्यानं. मशीन गाडीत कधीच चालवायची नाही, तो धूर झोपेत माणूस नेतो. गाडीपासून दहा-बारा पावलं दूर, धुराचं तोंड वाऱ्याच्या दिशेनं, गाडीकडे नाही. आधी तेल पाहायचं. सुरू झाल्यावर मिनिटभर तशीच चालू द्यायची, मग वायर लावायची. गरज नसली तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवायची, कारण बसून राहिलेली मशीन आणि बसून राहिलेला माणूस दोन्ही आखडतात. आणि बंद करताना स्विच दाबायचा नाही, पेट्रोलचा कॉक बंद करायचा. आतलं पेट्रोल जळून संपतं आणि ती आपोआप थांबते. नाहीतर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल शिळं होऊन चिकटा धरतो.

तेवढ्यावर ड्रायव्हर अडला. “म्हंजे इंजिन उपाशी मारून बंद करायचं?”

“हो.”

“जमनार नाही. इंजिन चाललं आपल्यासाठी, आन आपन त्याले घास तोडून मारायचं? मी स्विचनंच बंद करीन.”

मी वाद घातला, हात जोडले, शेवटी शिवी गिळली. एस.टी.चा ड्रायव्हर एकदा नाही म्हणाला की थांबा नसलेल्या गावी गाडी थांबत नाही. केशरबाई या सगळ्यात आमच्याकडे पाठ करून परवीनची मेथी निवडत बसली होती. भगवंतराव तिला म्हणाले, “पाय इकडे, शिकून घे.” ती मान न वळवता म्हणाली, “मले नाही समजत बावा त्यातलं.”

त्यांचं फिरणं सुरू झालं. आधी सालबर्डी. मग मोर्शीकडे संत्र्याच्या बागा फुलल्या होत्या, तिथे एका ओळखीच्याच्या बांधावर चार दिवस. परत आले की भगवंतराव दुकानात येऊन सांगायचे, बाई कशी गाडीचं दार उघडं टाकून फुलांच्या वासात झोपली, सकाळी उठून कशी एकटी बांधापर्यंत चालत गेली. सांगताना खुलायचे, आणि शेवटी चेहरा पडायचा. “पन शिकत नाही, नबीभाई. मशीनले बोटबी लावत नाही. इतकी जिद्दी बाई पायली नाही.”

उन्हाळा आला. त्यांचा चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला होता. एक दिवस म्हणाले, “तुमी घरी जाऊन शिकवा तिले. माहं आयकत नाही, तुमचं आयकन. मंगळवारी दुपारी मी डेपोत असतो, जुन्या ड्रायव्हरांत. तवा जा.”

मी गेलो. केशरबाईनं दार उघडलं, पाणी दिलं. मशीन मागच्या ओसरीत होती, पुसून लख्ख. म्हटलं शिकवण्याआधी साफ करून घेऊ, आणि कार्बोरेटरची वाटी खोलली. स्विचनं बंद केलेल्या मशीनची वाटी कशी असते ते मला अंधारातही वासावरून कळतं. ही वाटी कोरडी ठाक होती. प्लग काढला, तो बिस्किटाच्या रंगाचा, स्वच्छ. आणि पेट्रोलच्या कॉकवर पिवळा डाग होता. बोट लावून पाहिलं तर हळद.

केशरबाई चहा घेऊन आली.

“वयनी, ही मशीन कोन बंद करते?”

“हेच करतात.”

“भगवंतराव स्विच दाबतात. ही कोनीतरी कॉक मारून बंद केली.”

बाईनं कप खाली ठेवला. मी वाटी आणि प्लग परत बसवले, तशी ती पुढे आली. तेल पाहिलं. कॉक उघडला, चोक ओढला, एक पाय मशीनला टेकवला आणि विहिरीची बादली ओढावी तशी दोरी ओढली. पहिला झटका कोरडा गेला, दुसऱ्याला मशीन सुरू. बाई मिनिटभर थांबली, मग वाफेच्या मशीनची वायर लावली. नळी तोंडाला धरून माझ्यासमोर दहा मिनिटं वाफ घेतली. मग कॉक बंद केला आणि मशीन आपोआप थांबेपर्यंत शेजारी उभी राहिली.

“त्याईले सांगून राहिले होते तुमी,” ती म्हणाली, “आन मी आयकून राहिली होती. दर मंगळवारी लावतो. जेवढं पेट्रोल जळलं तेवढं बाटलीतून भरून ठेवतो, कारन हे काडी घालून पायतात. फागनात एकदा हे घरी नसताना जोराचा अटॅक आला होता, लाइट नव्हती. तवाबी मीच लावली.”

मला संताप आला. खरंच आला. “मंग सांगत काहून नाही तुमी? तो मानूस झुरून राहिला तिकडे! तुमाले मालूम तरी आहे का त्याईच्या...” आणि मी जीभ चावली.

“छातीचं?” ती म्हणाली. “मले वाचता येते, नबीभाऊ. फाईल ड्रायव्हर सीटखाली लपवून ठेवली त्याईनं. गाडी झाडतो मीच नं.”

मी फडक्यानं हात पुसायला लागलो.

“ते सकाळी पाचले उठतात. कावून, तं माही मशीन पुसायची आहे. तेल पाहायचं आहे. गोळी टायमावर घेतात. आधी नव्हते घेत, फेकून देत. आता घेतात, कावून का हे बाई अजून शिकली नाही. ज्या दिवशी त्याईले समजलं का हिले येते, त्या दिवशी ते निवांत होतील.” तिला धाप लागली, ती थांबली. “आमच्या जिनात म्हातारे पायले मी. पोरीचं लगन झालं, घर झालं, कोनाचं काही बाकी नाही रायलं, का महिन्या-दोन महिन्यात जात. निवांत मानूस जाते, नबीभाऊ. मले नाही निवांत करायचं त्याईले.”

नवऱ्याचं मरण बायकोपासून लपवायचं आणि बायकोची हुशारी नवऱ्यापासून. दोघांनी मिळून माझी अशी पंचाईत केली होती. माझे डोळे भरून आले आणि मी ते हातातल्या तेलकट फडक्यानं पुसले, त्यामुळे आणखी झोंबले.

उठताना मी तिला सांगितलं, “वयनी, आजपासून स्विचनंच बंद करत जा. वाटी कोरडी असली तं सुरू होताना दोरी एकदा जास्त ओढा लागते. त्याईच्या हाताले समजन. चिकटा झाला तं होऊ द्या, मी दर महिन्याले येऊन साफ करून देईन.” तीस वर्षांत असा चुकीचा सल्ला मी कोणाला दिला नव्हता.

उन्हं कलताना भगवंतराव डेपोतून थेट दुकानात आले. पायरीवरूनच विचारलं, “काय? शिकली?”

मी पाने-पकडी आवरत होतो. वर पाहिलं नाही.

“नाही जी. दोन तास डोकं फोडलं. दोरीले हात लावायले तयार नाही.”

“थोडंबी नाही?”

“काहीच नाही. चोक कोनता आन कॉक कोनता तेबी समजत नाही त्याईले. तुमालेच ओढा लागते.”

ते धपकन स्टुलावर बसले. टोपी काढून कपाळ पुसलं. मग खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, घड्याळ पाहिलं, एक गोळी तोंडात टाकली आणि माझ्या माठातलं पाणी प्यायले.

“पुढच्या महिन्यात चिखलदऱ्याले नेतो तिले,” ते म्हणाले. “पंधरा दिवस ठेवतो. तिथं शिकवतोच.” आणि उठताना वैतागून म्हणाले, “काय सांगू नबीभाई, ह्या बाईपायी मले मरायलेबी फुरसत नाही.”

“नाहीच जी,” मी म्हणालो.