फोटोतली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. अंगावर काळे-पांढरे चौकोन, दोन्ही टोकांना खिळ्यांची भोकं. रूपाच्या नावाने सगळा आनंदच आहे.

सुताराने मला घडवलं ते धरणाच्या भिंतीसाठी. भिंतीला एक भेग होती. दरवर्षी फोटोग्राफर मला भेगेशेजारी ठोकायचा आणि फोटो काढायचा. कॅमेरा जवळ नेला की भेग मोठी दिसते, लांब नेला की लहान. मी शेजारी असले, की ती किती चौकोन रुंद आहे ते मोजता येतं. इंजिनिअर नवा फोटो जुन्याशेजारी ठेवायचा, भिंगातून बघायचा आणि म्हणायचा, "आहे तेवढीच आहे." तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

एका वर्षी मोठ्या साहेबांना तो फोटो आपल्या खोलीत लावायचा होता. "ती काठी काढा हो, सगळी शोभा घालवते," ते म्हणाले. फोटोग्राफरलाही देखण्या फोटोची हौस होतीच. त्याने मला काढून गवतात ठेवलं. फोटो खरंच सुरेख आला. मला राग आला, पण पट्टीला विचारतो कोण?

पुढच्या वर्षी भेगेतून पाणी झिरपू लागलं. मला पुन्हा ठोकलं, तर भेग चांगलीच रुंदावलेली. पण दोन वर्षांत हळूहळू, की आत्ताच झपाट्याने? हळूहळू असेल तर धरणातलं पाणी सावकाश सोडता आलं असतं. झपाट्याने असेल तर ते एकदम सोडायला हवं होतं, आणि मग खालची घरं वाहून जाणार होती. त्यातलं पहिलंच घर फोटोग्राफरच्या बहिणीचं.

ती तडक ऑफिसात आली. "दादा, काय दिसतंय फोटोत?"

"मागच्या फोटोत पट्टी नाही. सांगता येत नाही गं."

"मग काढलास कशाला?"



धोका कोण पत्करणार? माणसं हलवली आणि पाणी सोडलं. भिंत वाचली, बहिणीचं घर गेलं. एवढी घाई गरजेची होती का, हे आजही कोणाला ठाऊक नाही.

आता मोजायला यंत्रं आली आहेत आणि मी अडगळीत पडून आहे. मित्रांनो, फोटो देखणे जरूर काढा. पण ज्या फोटोवर कोणाचं घर अवलंबून असेल, त्यात माझ्यासारखं एखादं कुरूप लाकूड राहू द्या.

माझ्या शेवटच्या फोटोची गोष्ट सांगते. बहिणीने उंचावर नवं घर बांधलं, तेव्हा भाऊ कॅमेरा घेऊन गेला. तिने त्याच्या पिशवीतून मला बाहेर काढलं आणि दाराशी उभं केलं.

"हिला फोटोत घे," ती म्हणाली, "मगच काढ."