गवताचा रकाना

पहिलीच्या पुस्तकात ‘प्राण्यांची घरं’ नावाचा धडा होता. त्यात जंगलाला दोन पानं, समुद्राला दोन पानं आणि गवताळ माळाला अडीच ओळी. पहिलीच्या बाईंचं तेवढ्यावर भागत नसे. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे शाळेचाच मोकळा माळ होता. दर गुरुवारी दुसऱ्या तासाला बाई चोवीस पोरांना मागच्या फाटकातून तिकडे न्यायच्या.

“पोटावर झोपा,” त्या सांगायच्या. “आता तुम्ही सशाएवढे झालात. काय दिसतंय?”

“काहीच नाही. नुसतं गवत.”

“मग सशालाही तुम्ही दिसत नाही आणि खोकडाला ससा दिसत नाही. गवत म्हणजे त्यांच्या घराच्या भिंती.”

वर्गात एक मुलगी होती. ती प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारायची, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव काकाकुवा पडलं होतं. चंडोलाचं घरटं तिनेच शोधलं. गवताच्या बुंध्याशी वाटीएवढा खळगा आणि त्यात तीन ठिपकेदार अंडी.

“हा झाडावर का नाही घर बांधत?”

“त्याला झाड नकोच असतं. झाड आलं की त्यावर कावळा येऊन बसतो आणि वरून त्याला अंडी दिसतात.”

पोरांनी घरट्यापासून दहा पावलांवर दगड मांडले. त्याच्या आत कुणी जायचं नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं.

पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पोरांची माळाची चित्रं सभागृहात लावून ठेवली होती. साहेब एकेका चित्रापाशी थांबले. खूश झाले. मग चहा घेताना म्हणाले, “इतकी निसर्गवेडी मुलं आणि मागची जागा अशी ओसाड? यांच्याच हातून पाचशे झाडं लावून घेऊ. कुणाची काही सूचना?”

बाई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. बोलायचं ते सगळं ओठांवर आलं होतं. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि बिस्किटांची बशी साहेबांपुढे सरकवली. बाईंनी आपला चहाचा कप उचलला.

संध्याकाळी मात्र त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. “ती जागा ओसाड नाही. झाडं लावली तर तिथलं सगळं जाईल.”

“झाडांना विरोध करणारी शिक्षिका मी पहिल्यांदाच बघते,” मोठ्या बाई हसल्या. “पालकांना काय सांगू? आमच्या बाईंना गवत आवडतं?”

“हो, तसंच सांगा.”

“हे बघा, पाच वर्षं तुम्ही तात्पुरत्या आहात. तुम्हाला कायम करायचा कागद आता कुठे वर गेलाय. साहेबांच्याच सहीला. मी काही धमकी देत नाही, आहे ते सांगतेय.”

बाईंनी मान खाली घातली. “निदान घरट्याभोवतीची जागा तरी सोडा. पिल्लं उडेपर्यंत.”

“बघू.”

घरी वडील पेपर वाचत बसले होते. सगळी हयात त्यांनी जमीनमोजणी खात्यात काढली होती. लेकीचं बोलणं ऐकून त्यांनी चष्मा काढला. “तो माळ मीच मोजलाय. कागदावर ‘पडीक’ म्हणून मीच लिहिलंय.”

“तुम्ही, बाबा? तुम्हाला माहीत नव्हतं तिथे काय काय राहतं?”

“चांगलं माहीत होतं. मोजणीची साखळी ओढताना पायाखालून ससे पळायचे. पण रकाने चारच होते. पीक, इमारत, रस्ता, पडीक. गवताला रकाना नव्हता.”

“मग नवा काढायचा होता.”

“तू साहेबांना सांगितलंस का?”

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. जेवताना वडिलांनी दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा बाईंनी भांडं न बघताच पुढे केलं.

झाडं लावायच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. त्याच दिवशी शाळेने यंत्र आणून माळ खरवडून घेतला. यंत्रवाल्याला घरट्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने दगडही उचलून भिंतीशी नीट रचून ठेवले होते.

सकाळी पोरं हातात रोपं घेऊन फाटकाबाहेर आली आणि थबकली. पुढे नुसती तांबडी माती आणि चुन्याने आखलेले खड्डे. फोटोवाला सगळ्यांना हसायला सांगत होता.

काकाकुवा बाईंचा पदर धरून उभी राहिली. “बाई, घरटं कुठाय?”

“चंडोल उडून गेला.”

“आणि अंडी?”

“तीही गेली.”

“अंडी कशी उडतील?”

आजूबाजूची चार-पाच पोरंही आता बाईंच्या तोंडाकडे बघायला लागली. साहेब पाच पावलांवर उभे होते. बाई म्हणाल्या, “रांगेत जा. किती प्रश्न विचारशील?”

मुलगी रांगेत गेली. तिने रोप खड्ड्यात ठेवलं, माती लोटली आणि हात झटकले. तिने बाईंकडे पाहिलं नाही. त्या दिवसानंतर वर्गात तिने हात वर केला तो पाणी प्यायला जायचं असलं तरच.

महिन्याभरात बाई कायम झाल्या. उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी नव्हतं. पाचशेतली जेमतेम चाळीस रोपं जगली आणि मधल्या मोकळ्या जागेत काटेरी झुडपं माजली. तोवर शाळेला हरित शाळेचं पारितोषिक जाहीर झालं होतं.

समारंभात मोठ्या बाईंनी बाईंनाच ते घ्यायला पुढे पाठवलं. “खरी मेहनत यांची,” त्या माइकवर म्हणाल्या, आणि त्यांना तसं मनापासून वाटतही होतं. मग बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाईंनी चार रात्री खपून दोन पानं लिहून आणली होती. त्यात घरट्याचं होतं, यंत्राचं होतं, त्या स्वतः गप्प बसल्या तेही होतं. समोर पालक बसले होते, पहिल्या रांगेत वडील.

“सगळ्यांची आभारी आहे,” बाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

वडिलांनी टाळ्या वाजवल्या.