चोरीच्या कार्डाची साक्षांकित प्रत

मित्रांनो, मी एक जुने, बाद झालेले गिफ्ट कार्ड आहे. मला दिले की विमान कंपनी तिकीट देत असे. माझ्या तोंडावर निळे आकाश छापले होते आणि पाठीवर खरवडायची चंदेरी पट्टी होती. मोठा तोरा होता माझा!

नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंना मी वाढदिवसाला भेट मिळालो आणि आठवड्यातच त्यांच्या पर्ससकट चोरीला गेलो. चोराने मला गोंदियाच्या एका मोबाईल दुकानदाराला विकले. तिथून बालाघाटच्या गुणाकररावांनी मला निम्म्या किमतीत घेतले. पुण्याला त्यांच्या मुलाला, चिन्मयला, मुलगी झाली होती. बारशाला आजी-आजोबांनी विमानाने जायचे ठरले.

गुणाकरराव सरकारी कचेरीतले निवृत्त बाबू. कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवत. दुकानदाराकडून त्यांनी पावती घेतली आणि तिच्यावर त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, सारे लिहून घेतले. घरी माझे लॅमिनेशन झाले. त्याआधी झेरॉक्स काढून तिच्यावर ओळखीच्या अधिकाऱ्याचा सही-शिक्काही आणला. चोरीचा माल साक्षांकित झाला, मित्रांनो! त्यांच्या पत्नी प्रेमलताबाईंनी तर मला हळदकुंकू वाहिले. मला हसू आवरेना, पण भीतीही वाटत होती.

मी म्हणजेच तिकीट, अशी दोघांची समजूत. त्यामुळे बारशाच्या दिवशी सकाळी ती दोघे मला घेऊन थेट नागपूरच्या विमानतळावर आली. काउंटरवरच्या मुलीने लॅमिनेशन कापले, पट्टी खरवडली, नंबर टाकला आणि ती थबकली.

"काका, हे कार्ड चोरीला गेलेलं आहे."

"चोरीचं? अवो, दुकानात मी स्वतः गेलतो! सही-शिक्का हाय पाहा!"

प्रेमलताबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. संध्याकाळी नातीचे बारसे, आणि रेल्वे पोहोचणार दुसऱ्या दिवशी. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पोलीस आले. पावती वाचून साहेब खूश! "बापाच्या नावासकट? वा!" त्यांनी पावती आणि साक्षांकित प्रत ठेवून घेतली आणि दुकानदार दुसऱ्याच दिवशी सापडला. डॉक्टरीणबाईंना कंपनीने नवे कार्ड दिले. बाद झालेला मी मात्र तिथेच, विमानतळावर, प्रेमलताबाईंच्या पर्समध्ये परत आलो.

जवळच्या पैशांत एकच तिकीट येत होते.

"तू जाय. मी गाडीनं येतो."

"एकटी? मले भेव वाटते."

"काहून? नातीचं तोंड पाहाले जाऊन राह्यली ना तू?"

विमान उडाले तेव्हा बाई "अगं माय!" म्हणून ओरडल्या आणि मग इतक्या हसल्या, की शेजारचेही हसू लागले. मीही त्यांच्यासोबत उडालो. माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस तो.

संध्याकाळी पाळणा सजला, गाणी झाली. आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली, तोच प्रेमलताबाईंनी पाळण्यावर हात ठेवला.

"नाव उद्या. तिचा आजोबा येऊन राह्यला."

कुणी मुहूर्ताचे बोलले, पण बाई हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गुणाकरराव घामेजलेले दारात उभे राहिले, तेव्हा घरात आनंद मावेना आणि नातीला नाव मिळाले.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू स्वस्तात मिळाली, तर ती मुळात कुणाची हे आधी विचारा आणि कंपनीकडून नंबर तपासून घ्या. माझ्यापायी एक आजोबा बारशाला मुकणार होते. पाळणा थांबवून धरणारे माणूस प्रत्येक घरात असतेच असे नाही.