तारेच्या टोकावरची टोपी

मी तारेच्या टोकावरची टोपी बोलतेय. बोटाच्या पेराएवढी, धातूची. एका तारेवर तीन संगणक जोडले, की तिच्या मोकळ्या टोकाला मला बसवतात. नाही तर संदेश टोकावर आपटून मागे फिरतात आणि सगळा गोंधळ होतो. एवढीशी मी, पण मी एका मुलीचं वाटोळं केलं.

अठ्ठ्याऐंशी साली मी नागपुरातल्या एका संस्थेत आले. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून यायचं. तारांची जबाबदारी वामनरावांची. ते जुने इंजिनिअर. कोणता संदेश कोणत्या वाटेने जावा, त्याचा तक्ता लिहायची कौसल्या गजभिये. ती खाप्याहून रोज एसटीने यायची. नोकरी हंगामी होती. दिवाळीनंतर कायम करू, असं साहेबांनी सांगितलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी तिने तक्ता बदलला. तिन्ही संगणकांना हाक घातली, तिघांनी ओ दिली. दुपारी यंत्रांची पूजा झाली. वामनरावांनी मला काढून पुसलं, ओल्या कुंकवाचं बोट लावलं आणि परत बसवलं. कुंकू जरा आतच गेलं. मला काय मिरवल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! मग संगणक बंद करून सगळे घरी गेले. दसऱ्याला कौसल्या आईवडिलांबरोबर दीक्षाभूमीवर गेली.

सुट्टी संपली आणि संदेश अडले. चारातला एखादाच पोचायचा.

“काहून वं कौसल्या, काय बदलून ठेवलं तू?” वामनरावांनी विचारलं.

तिने जुना तक्ता परत घातला. तरी तेच. आमचे संगणक चालवणाऱ्या कार्यप्रणालीचा मूळ प्रोग्रॅम सगळ्यांना उघडा. कोणीही वाचावा, बदलावा. उघडा होता म्हणून सगळे त्यातच चूक शोधत बसले. पंधरा दिवस ती ओळ न ओळ वाचत होती. जेवणाचा डबा तसाच घरी न्यायची. कुंकू माझ्या तोंडात होतं आणि मला ओरडता येत नव्हतं.

“सर, एक डाव तारा पाहू का?”

“तारेले हात नको लावू. नवमीले पूजा करून मीच तर लावली.”

दिवाळीच्या तोंडावर साहेबांनी तिला कमी केलं. तिने प्रोग्रॅमचे छापील कागद पिशवीत भरले. म्हणाली, “सर, चूक मले अजून सापडली नाही. घरी पाहतो. सापडली का पत्र टाकतो, तुमचं काम नको अडायले.”

दोन दिवसांनी वामनरावांनी मला काढलं. आतलं लाल बराच वेळ पाहिलं. मग दुसरी टोपी बसवली. तिन्ही संगणकांनी लगेच ओ दिली.

“काय होतं जी?” टायपिस्ट इंदुताईंनी विचारलं.

“काही नाही. झालं आपोआप सुरू.”

तेव्हापासून मी त्यांच्या खणात आहे. ते मला फेकतही नाहीत आणि कुणाला दाखवतही नाहीत. माझ्यावर खाप्याहून आलेली तीन पोस्टकार्डं ठेवली आहेत. परवाच्या कार्डात लिहिलंय, ‘एकशेबाराव्या पानावर शंका वाटते, सर. पाहाल का?’ एकाचंही उत्तर गेलेलं नाही.

पोरी, एकशेबारावं पान बरोबर आहे. सगळीच पानं बरोबर आहेत. मिट ते कागद आणि जेव.