वरून झिजलेला बूट

मी बोलतोय, डाव्या पायाचा बूट. माझा तळ अजून कोरा करकरीत आहे. झिजलोय तो वरून. हसू नका. अंतराळात जिथे वजनच जाणवत नाही, तिथे कोण चालणार? भिंतीवरच्या दांडीखाली पाऊल अडकवायचं आणि काम करायचं, नाहीतर माणूस तरंगत भलतीकडेच जातो. म्हणून मला शिवणाऱ्या काकांनी मऊ गादी तळाला न लावता वरच्या बाजूला लावली.

"नाडी सैल बांधा हं, ताई," त्यांनी माझ्या मालकिणीला बजावलं होतं. "आवळलीत तर गादीचा काही उपयोग नाही."

तिने मान डोलावली. माणसं मान डोलावण्यात पटाईत असतात.

वर अंतराळस्थानकात पाणी शुद्ध करायचं एक यंत्र होतं, तिने स्वतः बनवलेलं. उमेदीची वर्षं त्यात घातलेली. ते सारखं रुसायचं, मग ती दिवसभर त्याच्यापुढे आणि मी दांडीखाली. हळूहळू तिच्या पावलाचा वरचा भाग बधिर झाला. दांडी लागतेय की नाही, तेच कळेना. पाऊल निसटू लागलं. मग बाईसाहेबांनी काय करावं? माझी नाडी करकचून आवळली. बधिरपणा वाढला, की नाडी आणखी घट्ट.

"पाय काय म्हणतायत?" खालून, पृथ्वीवरून डॉक्टर विचारायचे.

"मजेत!"

खरं सांगितलं असतं तर यंत्र सोबतच्या दुसऱ्या अंतराळवीराच्या हाती गेलं असतं. मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. रोज आवळलं गेलं की कशाचंच काही वाटेनासं होतं.

यंत्र शेवटी नीट चाललं. परतल्यावर तिचं कौतुक झालं, आणि आठवण म्हणून मला घरी आणलं गेलं. पलंगाशेजारी पडून असतो. तिला पुन्हा वर जायचंय, म्हणून डॉक्टरांना अजूनही "मजेत"च. घरीही तेच.

काल लेकीने तिचे डोळे बांधले. "आई, कुठल्या पायावर हात ठेवलाय, ओळख."

"उजव्या."

बरोबर आलं. मग लेकीने डाव्या पावलावर तळहात टेकवला आणि वाट पाहत बसली.

"ठेव ना गं लवकर," आई म्हणाली.

"आई, केव्हाचा ठेवलाय."

तिने डोळ्यांवरची पट्टी वर सरकवली. हात तिथेच होता.

"बाबांना हाक मार," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे जायचंय म्हणावं."

लेक उठू लागली. पोरी, मला टाकून दिलंस तरी चालेल, मी आता कुणाच्या पायात जायचा नाही. पण हाक बसल्या जागेवरून मार. तो हात एवढ्यात काढू नकोस.